घोळक्याला माफी, माणसाला नाही

सरकारी नोकरीसाठी निवड झालेल्या उमेदवाराकडून जो साक्षांकन नमुना भरून घेतला जातो, त्यात अटक, गुन्हा, खटला आणि शिक्षा या चारही गोष्टींची विचारणा एका दमात केलेली असते. आपणास कधी अटक झाली होती काय, आपणाविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला होता काय, खटला चालला होता काय, न्यायालयाने दोषी ठरविले होते काय. या प्रश्नांतला सर्वांत जड शब्द ‘कधी’ हा आहे, कारण त्याला मुदत नाही.

बीड जिल्ह्यातील एका तालुका न्यायालयात मी सव्वीस वर्षे वकिली करीत आहे. २०२४ च्या पोलीस शिपाई भरतीनंतर हा नमुना हातात घेऊन एक तरुण माझ्याकडे आला. १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक मिळून मैदानी चाचणीत त्याला ५० पैकी ४४ गुण होते, लेखी परीक्षा चांगली गेली होती आणि तात्पुरत्या निवड यादीत नाव लागले होते. २०१७ साली पोळ्याला तो लातूरहून गावी आला असताना बांध कोरल्याच्या कारणावरून चुलत चुलत्याशी भांडण झाले आणि फिर्यादीत आठ नावे पडली. आमच्या भागात फिर्याद देताना समोरच्या घरातला एकही पुरुष सुटू नये याची काळजी घेतली जाते. त्यामुळे त्यात बहात्तर वर्षांचे आजोबाही होते आणि भांडण सोडवायला धावलेला हा मुलगाही होता. कलमे नेहमीचीच, भारतीय दंड संहितेची ३२४, ३२३, ५०४, ५०६ सह ३४. दोन वर्षांनी दोन्ही घरांचे जमले, फिर्यादी आणि साक्षीदार फितूर झाले, आठही जण निर्दोष सुटले, आणि पुढे त्याच चुलत्याच्या मुलीच्या लग्नात हा मुलगा पंगतीत वाढायला होता.

“साहेब, मिटलंय की ते. मग आता ‘होय’ लिहू का ‘नाही’?” असे त्याने विचारले. ‘होय’ लिही आणि निकालाची प्रमाणित प्रत जोड, असे मी सांगितले. तो सल्ला कायद्याला धरून होता आणि आजही मी तोच देईन. त्याच्याबरोबर निवडलेली मुले प्रशिक्षणाला गेली. याचा चारित्र्य पडताळणी अहवाल प्रतिकूल आला आणि नेमणूक अडली, ती हे लिहीपर्यंत अडलेलीच आहे.

भांडण झाले त्या दिवशी त्याला अठरा पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. तो तीन महिन्यांनी लहान असता, तर २०१५ चा बाल न्याय अधिनियम त्याच्या पाठीशी उभा राहिला असता. त्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे बालकाला दोषी ठरविल्यामुळे कोणतीही अपात्रता येत नाही, आणि अपिलाची मुदत संपल्यावर त्याच्या प्रकरणाच्या नोंदी नष्ट करायच्या असतात. सोळा वर्षांवरील बालकाने अतिगंभीर गुन्हा केल्याचे बाल न्यायालयाला आढळले असेल तर तेवढा अपवाद. कलम ७४ याच्याही पुढे जाते आणि निकाली निघालेल्या प्रकरणाची नोंद चारित्र्याच्या दाखल्यासाठीसुद्धा उघड करायची नाही, असे पोलिसांना बजावते. म्हणजे सतरा वर्षांचा मुलगा दोषी ठरला तरी त्याची पाटी पुसली जाते आणि अठरा वर्षांचा मुलगा निर्दोष सुटला तरी त्याची पुसली जात नाही. वयाची रेघ कुठेतरी ओढावीच लागते हे मान्य. परंतु रेघेच्या पलीकडे काहीच नसावे, हे पटण्यासारखे नाही.

प्रौढ माणसाची गुन्ह्याची नोंद ठरावीक काळानंतर पुसण्याची किंवा मोहोरबंद करण्याची सर्वसाधारण तरतूद भारतीय कायद्यात नाही. जवळपास जाणारा एक कायदा आहे, १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम, ज्याखाली किरकोळ गुन्ह्यातील माणसाला समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येते आणि कलम १२ प्रमाणे दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता त्याला लागत नाही. पण दोषसिद्धी तशीच उभी राहते आणि त्या वर्तनाबद्दल नोकरीतून काढूनही टाकता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच सांगून ठेवले आहे. खालच्या न्यायालयांत या कायद्याचा अर्ज करणारे वकील कमी आणि तो मनापासून वाचणारे त्याहून कमी, हे माझ्या व्यवसायबंधूंना आवडणार नाही, तरी खरे आहे.

बाकी सगळे न्यायालयांच्या निकालांवर आणि नशिबावर सोडलेले आहे. २०११ मध्ये दिल्ली पोलिसांच्या भरतीतील एका उमेदवाराने मारामारीचा, तडजोडीने मिटलेला खटला अर्जात लपविला होता. तरुण वयात माणसाकडून चुका होतात, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्याला सांभाळून घेतले. दोनच वर्षांनी त्याच दिल्ली पोलिसांच्या दुसऱ्या भरतीत, साक्षीदार फितूर झाल्याने मिळालेली सुटका ही खरी सुटका नव्हे, असे म्हणून त्याच न्यायालयाने उमेदवाराला नाकारणाऱ्या समितीची बाजू घेतली. अखेर २०१६ मध्ये अवतार सिंग यांच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. तरुणपणी घोषणा दिल्यासारखे प्रकरण किंवा क्षुल्लक गुन्हा असेल तर तो लपविल्याचीही चूक पदरात घेता येईल, असे त्यांत आहे. आणि प्रकरण खरेपणाने सांगितले असले तरी पूर्वचारित्र्याचा विचार करण्याचा मालकाचा अधिकार कायम राहील व नेमणूक देण्याची त्याच्यावर सक्ती करता येणार नाही, असेही आहे. लपविणाऱ्याला आशा आहे आणि सांगणाऱ्याला हमी नाही.

फितुरीबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण शहरात बसून निकाल वाचणाऱ्याला ‘साक्षीदार फितूर’ म्हटले की दहशत किंवा पैसा एवढेच दिसते. जड किंवा धारदार वस्तूने दुखापत करण्याचे कलम ३२४ हे २००९ च्या अखेरीपासून तडजोडीस पात्र राहिलेले नाही, आणि भारतीय न्याय संहितेतील त्याच्या जागचे कलमही नाही. बांधावरच्या भांडणात काठी, कुऱ्हाडीचा दांडा किंवा दगड असतोच, म्हणून ३२४ लागतेच. पुढे पाहुण्यांनी मध्यस्थी केली, मोजणी आणून बांध ठरला, दोन्ही घरे एका पंगतीत बसली, तरी न्यायालयात ‘आम्ही मिटवले’ अशी पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, देऊन भागत नाही. तेव्हा फिर्यादी पिंजऱ्यात उभा राहून मला कोणी मारले ते अंधारात दिसले नाही, असे सांगतो, सरकारी वकील त्याला फितूर घोषित करतात, आणि न्यायाधीशांनाही आत काय घडले आहे ते ठाऊक असते. दुसरा मार्ग उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठात जाऊन समेटाच्या आधारे गुन्हा रद्द करून घेण्याचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ग्यान सिंग प्रकरणात तो मोकळा केला आहे. पण किनवटच्या किंवा आष्टीच्या शेतकऱ्याला आठ जणांना घेऊन तिथपर्यंत जाणे आणि तिथल्या वकिलाची फी देणे म्हणजे भांडणातला बांध विकण्यासारखेच आहे. याच राज्याने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम चालविली, तंटे गावात मिटवा म्हणून गावांना बक्षिसे दिली, वेशीवर ‘तंटामुक्त गाव’ अशा पाट्या लागल्या. त्या पाटीखालून गाव सोडून भरतीला गेलेल्या मुलाला मात्र, तुझा तंटा मिटविल्यामुळे तुझी सुटका सन्मानपूर्वक धरता येत नाही, असे ऐकून घ्यावे लागते.

दोषी ठरलेल्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्यांतले बरेच जण आपण दोषी ठरलो आहोत हे जाणतच नाहीत. श्रावणात पारावर तिर्रट खेळताना धाड पडते, जुगार कायद्याच्या १२(अ) खाली पाच-सहा जणांवर गुन्हा दाखल होतो, आणि वर्षा-दोन वर्षांनी समन्स येते. न्यायालयाच्या दारात कोणीतरी सांगतो, कबूल करा, दोन-तीनशे दंड भरा, आजच्या आज मोकळे व्हा. जुन्या किरकोळ प्रकरणांचा निपटारा करण्याच्या दिवशी तर अशा कबुल्यांची रांगच लागते, आणि प्रलंबित खटल्यांची संख्या कमी झाली म्हणून सगळ्यांनाच बरे वाटते. मीही त्या रांगेत अशिलांना उभे केले आहे. मजुरी बुडवून दहा तारखा करण्यापेक्षा दंड बरा, हे त्यांचे गणित चूक नव्हते. पण गुन्हा कबूल करणे म्हणजे दोषसिद्धी आणि तीनशे रुपयांची पावती म्हणजे तिचा पुरावा, हे त्यांना त्या दिवशी कोणी समजावून सांगत नाही. ते कळते पुढे कधीतरी, होमगार्डचा, शाळेतल्या शिपायाचा किंवा बँकेच्या सुरक्षारक्षकाचा अर्ज भरताना. दारूबंदी कायद्याची प्रकरणे याच वाटेने जातात.

ऊसतोडीच्या उचलीचे गुन्हे ही तर खास आमच्या जिल्ह्याची उपज. मुकादमाकडून उचल घेतली, घरातले कोणी आजारी पडले, कोयता, म्हणजे ऊस तोडणारे जोडपे, गेला नाही, किंवा अर्ध्या हंगामात परत आला, की फसवणुकीचा गुन्हा दाखल होतो, तोही कारखान्याच्या बाजूच्या, दोन-तीनशे किलोमीटर दूर असलेल्या पोलीस ठाण्यात. मुळात हा उसनवारीचा आणि कामाच्या कराराचा व्यवहार. तो फौजदारी झाला की माणूस तारखांना जातो किंवा जात नाही, गेला नाही की वॉरंट निघते, आणि पैसे फिटून वर्षे झाली तरी ‘फसवणूक’ हा शब्द त्याच्या नावापुढे राहतो. कोयता सोडून दुसरे काही करू पाहणाऱ्या त्याच्या मुलाला घरात हा शब्द सापडतो.

पूर्वी यावर एक नैसर्गिक उपाय होता. ठाण्यातली दप्तरे वाळवी खायची, जुने जमादार निवृत्त व्हायचे, नोंदवह्या गोदामात भिजायच्या, आणि वीस वर्षांपूर्वीचे भांडण कोणाच्या लक्षात राहायचे नाही. आता प्रत्येक फिर्याद सीसीटीएनएस या देशभरच्या पोलीस संगणकजाळ्यात जाते, न्यायालयाचे आदेश ई-कोर्टवर दिसतात, आणि निकालपत्रांच्या खासगी संकेतस्थळांवर नाव टाकले की निर्दोष सुटलेल्याचा निकालसुद्धा ‘आरोपी’ म्हणून पहिल्या ओळीत वर येतो. संगणक विसरत नाही. म्हणून विसरण्याचे काम आता कायद्याला मुद्दाम करावे लागणार आहे. २०२२ च्या दंड प्रक्रिया (ओळख) अधिनियमाने बोटांचे ठसे आणि इतर मापे ७५ वर्षे जतन करण्याची तरतूद केली आहे. त्याच कायद्यात एक चांगली ओळही आहे: पूर्वी दोषी न ठरलेला माणूस निर्दोष सुटला आणि अपिलाचे सगळे मार्ग संपले, तर न्यायालयाने वेगळे कारण नोंदविल्याखेरीज त्याची मापे नष्ट करायची. ठशांच्या बाबतीत जे तत्त्व संसदेने मान्य केले, ते नावाच्या बाबतीत का मान्य करू नये, याचे उत्तर मला कुठे सापडलेले नाही.

आणि नोंद पुसणे ही कल्पना आपल्या सरकारांना परकी आहे असेही नाही. ती त्यांना चांगलीच ठाऊक आहे, फक्त तिचे नाव आपल्याकडे ‘गुन्हे मागे घेणे’ असे आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३२१, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ३६०, सरकारी वकिलाला न्यायालयाच्या संमतीने खटला काढून घेण्याची मुभा देते. त्याचा आधार घेऊन राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतील खटले मागे घेण्याचे शासन निर्णय महाराष्ट्रात वेळोवेळी निघाले आहेत आणि त्यांत कोणताही एक पक्ष मागे नाही. मराठवाड्याला ही मागणी पाठ आहे. विद्यापीठ नामांतराच्या लढ्यापासून २०१८ च्या भीमा कोरेगावनंतरच्या बंदपर्यंत, आणि त्याच वर्षीच्या मराठा आरक्षण आंदोलनापासून १ सप्टेंबर २०२३ रोजी अंतरवाली सराटीत झालेल्या लाठीमारानंतरच्या उद्रेकापर्यंत, प्रत्येक आंदोलनाच्या मागण्यांत ‘तरुणांवरील गुन्हे मागे घ्या’ ही एक ओळ असतेच असते. त्या ओळीमागचा युक्तिवादही दर वेळी तोच असतो: पोरे तरुण आहेत, भावनेच्या भरात झाले, नोकरीच्या वेळी आयुष्याचे नुकसान होईल.

हा युक्तिवाद मला मान्य आहे. माझी हरकत एवढीच आहे, की तो फक्त घोळक्याला लागू होतो. रस्ता रोखून बसलेल्या दोनशे मुलांतल्या एकाचे आयुष्य एका गुन्ह्याने बरबाद होऊ नये असे जर राज्याला वाटते, तर बांधावर एकट्याने सापडलेल्या मुलाचे का होऊ द्यावे? पहिल्याच्या मागे समाज आहे, नेता आहे, मंत्रालयात शिष्टमंडळ आहे. दुसऱ्याच्या मागे फार तर एक वकील आहे. खटले मागे घेताना कोणता गुन्हा किरकोळ, किती नुकसान क्षम्य, याचे निकष सरकार स्वतः ठरविते, म्हणजे निकष ठरविणे अशक्य आहे हा बचाव राहत नाही. आणि ही सवलत राजकीय मर्जीवर अवलंबून ठेवली की तिचा सर्वांत मोठा लाभ कोणाला होतो, हे सर्वोच्च न्यायालयालाही दिसले. म्हणूनच ऑगस्ट २०२१ मध्ये, खासदार-आमदारांवरील खटले संबंधित उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाहीत, असा आदेश द्यावा लागला.

लोकप्रतिनिधींचा विषय निघालाच आहे तर हेही पाहावे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या सर्वसाधारण नियमाप्रमाणे दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झालेला माणूस सुटकेनंतर सहा वर्षे अपात्र असतो. सातव्या वर्षी तो आमदारकीचा अर्ज भरू शकतो. १९६७ चा पासपोर्ट कायदा जुन्या दोषसिद्धीपुरता नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किमान दोन वर्षांची शिक्षा मागच्या पाच वर्षांत झाली आहे काय, एवढेच पाहतो. म्हणजे मुदत घालून विसरणे आपल्या कायद्याला जमते. आमदारासाठी जमते, परदेशी जाणाऱ्यासाठी जमते; बंदोबस्ताला त्या आमदाराच्या गाडीमागे धावणाऱ्या शिपायासाठी मात्र ‘कधी’ हाच शब्द आहे.

आता मुख्य आक्षेप. बीड जिल्ह्यात राहून गुन्ह्यांच्या नोंदी पुसण्याची भाषा करतोस, तुला लाज कशी वाटत नाही, असे मला एका ज्येष्ठ स्नेह्यांनी तोंडावर विचारले, आणि त्यांचा राग मला समजतो. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, त्यानंतर साऱ्या महाराष्ट्राने या जिल्ह्याकडे ज्या नजरेने पाहिले ती अजून बोचते. गुन्हे नावावर असलेल्यांच्या कमरेला परवान्याचे पिस्तूल कसे, हा प्रश्न तेव्हा उघडपणे विचारला गेला आणि शस्त्रपरवान्यांची फेरतपासणी करावी लागली. पण त्या प्रश्नात नोंद नसल्याची तक्रार कुठे होती? नोंद होती, ठाण्यात होती, अहवालात होती. ती पाहूनही न पाहिल्यासारखे करण्यात आले होते. नोंदीचा वचक ज्याला बसायला हवा त्याला तो बसत नाही आणि ज्याला बसू नये त्याच्या मानगुटीवर ती बसते, ही आमची स्थिती आहे. खंडणी, खून, संघटित गुन्हेगारी, स्त्रिया व बालकांवरील अत्याचार, अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार, लाचखोरी, हे गुन्हे अशा कोणत्याही कायद्यातून बाहेरच ठेवावे लागतील. वारंवार गुन्हे करणाऱ्यालाही त्याचा लाभ देता येणार नाही. आणि जे मोहोरबंद होईल ते नोकरी देणाऱ्यासाठी, घरमालकासाठी, संकेतस्थळासाठी. पुढे दुसरा गुन्हा घडला तर तपास अधिकाऱ्याला आणि शिक्षा ठरविणाऱ्या न्यायाधीशाला मोहोर उघडता आली पाहिजे.

म्हणूनच मी ‘नष्ट करणे’ न म्हणता ‘मोहोरबंद करणे’ म्हणतो आहे, आणि यामागे मराठवाड्याची एक आठवण आहे. निजामाच्या राज्यात सत्याग्रह करून तुरुंगात गेलेली माणसे त्या राज्याच्या दप्तरात गुन्हेगार होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर तीच स्वातंत्र्यसैनिक झाली. आणि केंद्र सरकारच्या १९७२ च्या निवृत्तिवेतन योजनेत साधारणपणे किमान सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची अट असल्याने, ज्या दाखल्याने एके काळी नोकरी गेली असती त्याच तुरुंगाच्या दाखल्यासाठी म्हातारी माणसे कचेऱ्यांचे उंबरे झिजवू लागली. तो कागद जाळला गेला असता तर त्यांच्या त्यागाचा पुरावाच राहिला नसता. कागद जपावा; तो कोणाच्या हाती द्यायचा, एवढाच प्रश्न आहे.

काही नावांपुढे तर गुन्हा घडण्याआधीच शिक्का बसतो. १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण पारधी वस्तीवर संशयितांची चौकशी त्यानंतरही त्याच रीतीने होत राहिली. जवळपास कुठेही चोरी झाली की पहिली गाडी वस्तीकडे वळते, कोणाला तरी उचलून आणतात, सोडतात, आणि ‘पूर्वी चौकशीसाठी आणलेला इसम’ अशी नोंद तेवढी उरते. पुढच्या चोरीला तीच नोंद कारण ठरते. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिस्ट्रीशीटच्या, म्हणजे पोलीस ठाण्यात ठेवल्या जाणाऱ्या सराईतांच्या नोंदपत्रकांच्या, संदर्भात हेच सांगितले, की मागास आणि वंचित समाजांतील निरपराध लोकांची नावे अशा नोंदवह्यांत केवळ पूर्वग्रहाने, यांत्रिकपणे घातली जाऊ नयेत, याकडे राज्यांनी लक्ष द्यावे. दोषसिद्धीच्या नोंदी मोहोरबंद केल्या आणि संशयाच्या तशाच ठेवल्या, तर नव्या कायद्याचा लाभ या वस्तीच्या वेशीवरच थांबेल.

ब्रिटनमध्ये १९७४ पासून असा कायदा आहे. ठरावीक मुदतीत नवा गुन्हा घडला नाही तर जुनी दोषसिद्धी सरलेली मानली जाते आणि अर्जातल्या प्रश्नाला तो माणूस ती झालीच नव्हती असे समजून उत्तर देऊ शकतो. मुलांशी संबंधित आणि तत्सम जोखमीच्या कामांना ही सवलत नाही. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात अर्ज करून नोंद बाजूला ठेवण्याची सोय होती. तिच्या अभ्यासात आढळले, की पात्र झालेल्यांपैकी पाच वर्षांत जेमतेम साडेसहा टक्के लोकांना तिचा लाभ मिळाला, कारण बाकीच्यांना ती माहीतच नव्हती किंवा खर्च आणि खेटे परवडले नाहीत. ज्यांना मिळाला त्यांच्यात पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण अत्यल्प होते आणि कमाई वाढली होती. तिथलेच पेनसिल्व्हेनिया राज्य २०१८ मध्ये पुढे गेले आणि पात्र नोंदी अर्जाविना, संगणकाने आपोआप मोहोरबंद करण्याचा कायदा त्याने केला. आपल्याकडे हे लक्षात ठेवणे फार गरजेचे आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्र, पोलीस अहवाल, नकलांचा अर्ज, सुनावणी अशी शिडी लावली, तर ती चढणारे तेच असतील ज्यांना ती चढायला माणूस ठेवता येतो. वकील म्हणून माझा त्यात फायदाच आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

तेव्हा निर्दोष सुटलेल्याला, दोषमुक्त झालेल्याला आणि ज्याच्या प्रकरणात ब किंवा क समरी (तक्रार खोटी किंवा गैरसमजातून दिल्याचा पोलिसांचा अहवाल) मंजूर झाली त्याला अर्जच करायला लागू नये. अपिलाची मुदत संपली की ती नोंद चारित्र्य पडताळणीच्या पडद्यावरून आपोआप जायला हवी. केवळ दंड झालेल्याला दोन-तीन वर्षे आणि छोट्या कैदेच्या शिक्षेला पाच-सात वर्षे अशी मुदत ठेवता येईल. त्यापुढचे, वादाचे प्रकरण तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे यावे, विधिसेवा समितीचा वकील मोफत मिळावा आणि फिर्यादीचे म्हणणे ऐकून घ्यावे, कारण ज्याला मार बसला त्याला डावलून दिलेली माफी गावात टिकत नाही. मोहोरबंद झालेल्या नोंदीबद्दल ‘नाही’ असे लिहिणे हे खोटे लिहिणे समजले जाणार नाही, हे वाक्य मात्र कायद्यात स्पष्ट शब्दांत असले पाहिजे. ते नसेल तर बाकीचे सगळे व्यर्थ आहे.

कायदा यायला वेळ लागेल. परंतु साक्षांकन नमुना ही काही संसदेने मंजूर केलेली गोष्ट नव्हे. राज्याच्या नोकऱ्यांपुरता तो रकाना बदलायला एक शासन निर्णय पुरतो: ‘कधी’च्या जागी वर्षांची मुदत, आणि ‘गुन्हा दाखल झाला होता काय’च्या जागी ‘दोषसिद्धी झाली आहे काय किंवा खटला प्रलंबित आहे काय’. आंदोलनांचे खटले मागे घेण्यासाठी जे सरकार शासन निर्णय काढू शकते, त्याला हाही काढता येईल.

तो तरुण गेल्या आठवड्यात पुन्हा आला होता. निकालाची प्रमाणित प्रत त्याने लॅमिनेट करून घेतली होती, आणि आता नव्या भरतीसाठी दुसरी प्रत हवी होती, कारण एका कार्यालयाने लॅमिनेट केलेली प्रत स्वीकारली नाही. नकलेचा अर्ज मी त्याच्याकडूनच लिहून घेतला. ‘प्रकरणातील आपले नाते’ या रकान्यात त्याने ‘आरोपी’ लिहिले, मग थोडा वेळ पेन तसेच धरून ठेवले, आणि त्यापुढे कंसात ‘सुटलेला’ असे लिहिले.